शनिवारच्या इंजेक्शनास,

पत्र लिहिण्यास कारण की, समोरासमोर आपलं बोलणं होत नाही. तू समोर असतंस तेव्हा माझ्या तोंडाला कोरड पडलेली असते, आणि तुझं काम तर पाच-दहा सेकंदांत उरकतं. म्हणून मंगळवार बघून लिहायला बसले आहे. मागच्या शनिवारचा शीण उतरलेला आहे, पुढच्याची धास्ती अजून सुरू व्हायची आहे. आठवड्यात डोकं ठिकाणावर असण्याचा हाच काय तो दिवस.

पत्र उघडं आहे, तेव्हा वाचणाऱ्यांना तुझी ओळख करून देणं आलं. तुझं नाव मेथोट्रेक्सेट. रंग पिवळा, मुक्काम काळ्या खोक्यात, कारण तुला उजेड सोसत नाही. माझा आजार ऱ्हुमॅटॉइड संधिवात. यात शरीराची संरक्षणयंत्रणा आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर चाल करून जाते. म्हातारपणी गुडघे झिजतात तो संधिवात वेगळा. हा तिशी-चाळिशीतही गाठतो आणि बायकांना जास्त गाठतो. सकाळी उठल्यावर तासभर बोटं मिटत नाहीत, मिटली तर उघडत नाहीत. मी शाळेत शिकवते. खडू, पेपरांचे गठ्ठे, कुकरचं झाकण, ब्लाउजची हुकं, अशा एकेका गोष्टीसाठी दुसऱ्याला हाक मारायची वेळ आली तेव्हा डॉक्टरांनी तुला आमच्या घरात आणलं.

आधी तू गोळीच्या रूपात होतंस. पण आठवड्याचा डोस पंधरा मिलिग्रॅमच्या पुढे गेला की आतडं गोळी त्या प्रमाणात शोषून घेत नाही. कातडीखाली टोचलं तर औषध रक्तात नीट पोचतं, आणि पुष्कळांचा पोटाचा त्रासही कमी होतो. डॉक्टरांनी हे कागदावर रेघा काढून समजावलं. मग सहज विचारल्यासारखं म्हणाले, "घरच्या घरी स्वतः घ्याल ना, बाई?" वर्गात "समजलं का?" या प्रश्नाला पोरं जसं एका सुरात "हो" म्हणतात, तसं मी "हो" म्हटलं. सिस्टरनी एकदा करून दाखवलं, पुढच्या वेळी माझ्याकडून करून घेतलं, आणि तिसऱ्या वेळेपासून तू आणि मी.

तू टोचतंस ही माझी तक्रार नाहीच. सुई इन्सुलिनची असते तेवढीच, बारीक आणि आखूड. लहानपणापासून किती तरी सुया घेतल्या, धनुर्वाताच्या, बाळंतपणातल्या. तेव्हा मान वळवायची, कुणाचा तरी हात घट्ट धरायचा, "झालं झालं" ऐकू येईपर्यंत थांबायचं. सोसणं एवढंच आपलं काम. इथे सोसणारी मी, टोचणारीही मीच. मान वळवून चालत नाही. मांडीची कातडी दोन बोटांत धरलेली, स्पिरिट सुकलेलं, सुई दोन इंचांवर, आणि हात तिथेच थबकतो. कुणी धरून ठेवल्यासारखा. डोकं म्हणतं चल, हात म्हणतो नाही. माणसाने स्वतःला इजा करू नये म्हणून निसर्गाने जो काही चाप बसवला असेल, तो दर शनिवारी रात्री मला स्वतःच्या हाताने सोडवावा लागतो. धीट माणसालाही हे अवघडच जाणार. त्यामुळे "एवढीशी तर सुई" म्हणणाऱ्यांना मी हल्ली उत्तर देत नाही.

त्या थबकण्यावर धीर गोळा करून तोड निघत नाही, कामाच्या क्रमाने निघते. हात धुवायचे, जागा पुसायची आणि स्पिरिट पूर्ण वाळू द्यायचं, कारण ओलं असलं तर जी आग होते ती सुईपेक्षा जास्त असते. पोट असेल तर बेंबीपासून दोन इंच सोडून, मांडी असेल तर पुढचा-बाहेरचा भाग. मागच्या आठवड्यात डावीकडे तर आता उजवीकडे. एकाच जागी टोचत राहिलं की कातडी निबर होते. सुई हळूहळू आत सारण्यात शहाणपण नाही, झटक्यात आत जाते तेव्हाच कमी कळतं. औषध मात्र सावकाश सोडायचं. बाहेर काढल्यावर कापसाचा बोळा नुसता टेकवायचा, चोळायचं नाही. हे सगळं इतक्या ठरावीक क्रमाने करायचं की थबकायला मध्ये फट सापडू नये.

ज्यांना सुई पाहून घेरी येते त्यांची गोष्ट वेगळी. बहुतेक भीतींमध्ये रक्तदाब वाढतो. रक्ताच्या आणि सुईच्या भीतीत तो आधी थोडा चढून मग धाडकन खाली येतो, म्हणून माणूस पडतो. स्वीडनमधल्या उप्साला इथे लार्स-योरान ओस्ट या मानसशास्त्रज्ञाने 1980 च्या दशकात यावर एक साधा व्यायाम बसवला. दंड, पोट, पाय दहा-पंधरा सेकंद आवळून धरायचे, चेहरा गरम झाल्यासारखा वाटला की सोडायचे, थोडं थांबून पुन्हा. रक्तदाब टिकून राहतो. अशा माणसाला "दीर्घ श्वास घ्या, अंग सैल सोडा" हा घरोघरचा सल्ला उलटाच पडू शकतो. सैल ठेवायची ती फक्त सुई जाणार असलेली मांडी.

माझी एक तक्रार तुझ्या बांधणीबद्दल आहे. सुईचं टोपण ओढायला अंगठा आणि तर्जनी लागतात, आणि सुजलेली बोटं नेमकी तीच. ज्या बोटांसाठी तुला घ्यायचं त्याच बोटांनी तुला उघडायचं, हा विनोद कुणाला सुचला ठाऊक नाही. बटण दाबलं की आपोआप टोचणारी पेनं निघाली आहेत, पण त्यांच्या किमतीकडे बघून मी पुन्हा टोपणाकडे वळते. नेहमीच्या भरलेल्या सिरिंजऐवजी बाटलीतून औषध ओढायचं असेल तर आणखी एक घोळ. माझ्या बाटलीत एका मिलिलीटरला 25 मिलिग्रॅम औषध आहे. पंधरा मिलिग्रॅम म्हणजे 0.6 मिलि. हीच मात्रा 40 युनिटच्या इन्सुलिन सिरिंजवर 24 च्या रेघेवर येते आणि 100 युनिटच्या सिरिंजवर 60 च्या. मेडिकलमधल्या मुलाने एक संपली म्हणून दुसरी हातात दिली तर डोस कुठल्या कुठे जाईल. सिरिंज बदलली की रेघ बदलते, हे सिस्टरनी मला आधी सांगायला हवं होतं, टोचायचं कसं ते नंतर.

आता खऱ्या भांडणाकडे येते. तू शनिवारी येतंस, पण राहायचंस शुक्रवारपासून. शुक्रवारी दुपारी शाळेच्या ऑफिसात कुणी पिवळी फाइल पुढे केली तरी माझ्या पोटात ढवळायचं. औषध अजून अंगात गेलेलंही नसायचं. हे मनाचे खेळ आहेत असं घरातल्यांना बरेच दिवस वाटत होतं. खेळ नव्हेत. पाव्हलॉव्हच्या कुत्र्याला घंटेने लाळ सुटायची, मला पिवळ्या रंगाने मळमळतं. संधिवात झालेल्या लहान मुलांमध्ये तर डॉक्टरांनी हे नीट नोंदवून ठेवलं आहे. इंजेक्शनाचा दिवस उजाडला की काही मुलं सुई दिसायच्या आतच ओकायला लागतात.

यातून मी जी वाट काढली ती एका आइस्क्रीमच्या प्रयोगावरून. 1978 साली अमेरिकेत इलीन बर्नस्टाइन यांनी कॅन्सरची औषधं चालू असलेल्या मुलांना उपचाराच्या आधी एका खास चवीचं आइस्क्रीम खायला दिलं. नंतर त्या मुलांना ती चव नकोशी झाली. औषधाचा दोष त्यांच्या शरीराने आइस्क्रीमच्या माथी मारला. हे वाचल्यावर मी शनिवारचा स्वयंपाक बदलला. पूर्वी "आज बाईंचं इंजेक्शन" म्हणून सासूबाई मायेने माझ्या आवडीची आमटी करायच्या. आता शनिवारी रात्री मऊ भात आणि मेतकूट, आवडीचं काहीही नाही. आमटी रविवारी रात्री. तुला घ्यायची जागाही जेवणाच्या टेबलावरून मागच्या खोलीत हलवली. जिथे माणसं हसत-खिदळत जेवतात तिथे सिरिंज दिसता कामा नये. मळमळीसाठी डॉक्टरांनी फॉलिक अ‍ॅसिडची मात्रा बघून दिली, उलटीची गोळी आधी घ्यायला सांगितली, वेळ सकाळची बदलून रात्रीची केली, म्हणजे जे काही व्हायचं ते झोपेत होऊन जातं. मळमळ गेली का? नाही. पण शुक्रवारी दुपारी सुरू व्हायची ती आता शनिवारी संध्याकाळवर आली आहे. एवढा प्रदेश मी तुझ्याकडून परत घेतला.

फॉलिक अ‍ॅसिडचं नाव निघालं म्हणून तुझ्या घराण्याबद्दल दोन शब्द. तुझ्याबद्दल राग आला की मी तुझी कुळकथा आठवते आणि राग थोडा ओसरतो. 1928 च्या सुमारास लुसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईला आली. कापड गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर बायकांना एक भयंकर पंडुरोग व्हायचा, तो का होतो हे तिला शोधायचं होतं. परळच्या हाफकिन संस्थेत तिने काम केलं. यीस्टच्या अर्काने, म्हणजे बाजारात मिळणाऱ्या मार्माइटने, या बायका बऱ्या होतात हे तिला दिसलं आणि 1931 साली तिने ते छापलं. त्या अर्कातला गुण म्हणजे पुढे ज्याला फॉलिक अ‍ॅसिड म्हणू लागले तो. मग येतात येल्लाप्रगडा सुब्बाराव, आंध्रातल्या भीमावरमचे. अमेरिकेत लेडर्ले कंपनीच्या प्रयोगशाळेत त्यांच्या चमूने फॉलिक अ‍ॅसिड तयार केलं, आणि पाठोपाठ फॉलिक अ‍ॅसिडची वाट अडवणारी त्याची तोतया भावंडंही. त्यातलं एक अमिनॉप्टेरिन. बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी ते रक्ताचा कॅन्सर झालेल्या मुलांना दिलं आणि 1948 साली जगाला सांगितलं की या आजाराला तात्पुरतं का होईना, मागे सारता येतं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सुब्बाराव वारले. दुसरं भावंड म्हणजे तू.

सांधेदुखीवर या घराण्याचा उपयोग होतो हे 1951 मध्येच दिसलं होतं, पण ऱ्हुमॅटॉइड संधिवातासाठी तुला अमेरिकेत रीतसर परवानगी मिळायला 1988 उजाडलं. आजही तुझ्या खोक्यातला कागद वाचला की कॅन्सर हा शब्द आधी डोळ्यांत शिरतो. मेडिकलमध्ये चिठ्ठी दिली की काउंटरवरचा आवाज खाली येतो: "घरी कुणाला आहे, ताई?" कॅन्सरसाठी तुला काही वेळा हजारो मिलिग्रॅममध्ये देतात, मला आठवड्याला पंधरा-वीस. नाव तेच, काम वेगळं. हे मी इतक्यांदा समजावून सांगितलं आहे की आता सरळ "सांध्यांसाठी" म्हणते आणि पिशवी घेऊन निघते. नातलगांचं मात्र भागत नाही. एका मावससासूबाईंनी वातावरची एक पुडी पाठवली. दोन दिवसांत ठणका थांबेल म्हणाल्या. दोन दिवसांत थांबत असेल तर त्यात काय असेल याचा अंदाज कुठलाही डॉक्टर सांगेल. अशा पुड्यांमध्ये पुष्कळदा गुपचूप स्टेरॉइड मिसळलेलं असतं. पुडी कपाटात पडून आहे, त्यांना फोनवर "छान आहे" म्हटलं.

तुझा गुण दिसायला दोन-तीन महिने लागले. त्या काळात तू फक्त त्रास दिलास, उपयोग शून्य, आणि मला वाटतं बरेच जण तुला याच टप्प्यावर सोडतात. मग एके दिवशी फळ्यावर दोन ओळी लिहून झाल्यावर लक्षात आलं की खडू मधल्या बोटावर दाबून धरलेला नाही, नेहमीसारखा धरला आहे. तेव्हा तुझा उपयोग आहे, हे मी लेखी मान्य करते. पण "इंजेक्शनाला आपला मित्र माना" असं जे सांगतात त्यांचं मी ऐकणार नाही. मित्राच्या नावाने यकृताची तपासणी करावी लागत नाही. तुझ्या पायी दर काही आठवड्यांनी दंडाला पट्टा बांधून रक्त द्यायचं, पेशी, यकृत, किडनी यांचे आकडे बघायचे, दारूचं नाव काढायचं नाही. गरोदरपणात तर तू चालतच नाहीस. ज्या मुलींना पुढे मूल हवं आहे त्यांनी हे डॉक्टरांशी आधीच बोलायला हवं. सणासुदीला, लग्नकार्याला शनिवार आला की डॉक्टरांना विचारून तुला एखादा दिवस मागे-पुढे करायचं. ताप आला, कुणी अँटिबायोटिक लिहून दिलं, तर टोचण्याआधी फोन करायचा, कारण ट्रायमेथोप्रिम असलेली अँटिबायोटिक तुझ्या जोडीला घातक ठरतात. इतक्या अटींवर मैत्री होत नाही. आपला व्यवहार आहे. शनिवार, रात्रीचे नऊ, मागची खोली. एवढी जागा तुझी, बाकीचा आठवडा माझा. लोकांनी मनाला उभारी द्यायला सांगितलं त्यापेक्षा ही हद्द आखल्याने मी जास्त निवांत झाले.

तुझं काम संपल्यावर सुई उरते, तिच्याबद्दलही बोलायला हवं. टोपण परत लावायला जाऊ नये, तिथेच बोटात घुसते. माझ्याकडे जाड प्लॅस्टिकची झाकणाची बरणी आहे, सुई टोपणाविना सरळ तिच्यात. तीन-चतुर्थांश भरली की झाकण चिकटपट्टीने बंद करून दवाखान्यात देते. आधी त्यांनी घ्यायला कुरकुर केली, आता घेतात. ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकलेली सुई कुणाच्या हातात जाते हे पुण्या-मुंबईत कुणाला सांगायला नको. सकाळी कचरा वेगळा करायला उघड्या हातांनी बसलेल्या त्या बाईच्या बोटांनाही बोटंच म्हणतात.

आणि आता ज्यासाठी पत्र उघडं लिहिलं ते. तू रक्तातून दीड-दोन दिवसांत निघून जातंस, पण पेशींच्या आत आठवडेच्या आठवडे मुक्काम ठोकतंस. म्हणून आठवड्यातून एकदा पुरतंस, आणि म्हणूनच रोज घेतलं तर जिवावर उठतंस. तोंडात फोड, मग पांढऱ्या पेशी खाली, मग जंतुसंसर्ग. गोळीच्या रूपात तू असताना चिठ्ठीतला "आठवड्यातून" हा शब्द वाचायचा राहिला आणि माणसं रोज गोळी घेत राहिली, दगावली, असं जगभर घडलं आहे. बीपीची गोळी रोज, शुगरची रोज, थायरॉइडची रोज, त्यात ही एकच आठवड्याची. घरातल्या म्हाताऱ्या माणसाने गोंधळावं यात त्याचा काय दोष?

तेव्हा डॉक्टरांना आणि मेडिकलवाल्यांना हात जोडून विनंती: मेथोट्रेक्सेट, गोळी असो की इंजेक्शन, चिठ्ठीवर आणि पाकिटावर वाराचं नाव लिहा. मराठीत, मोठ्या अक्षरात: "फक्त शनिवारी", "फक्त बुधवारी". फॉलिक अ‍ॅसिडच्या पाकिटावर त्याचे वार लिहा. दोन्ही गोळ्या पुष्कळदा पिवळ्या असतात. एका वेळी चार आठवड्यांना पुरतील त्यापेक्षा जास्त गोळ्या हातात देऊ नका. आणि ज्यांच्या घरात हे औषध येतं त्यांनी आज उठून पाकीट बघा. वार लिहिलेला नसेल तर पेन घ्या आणि लिहा.

कळावे,
शनिवारी रात्री नऊ वाजता भेटणारी,
एक बाई